उंटवाल्या सरांच्या बाटल्या

वर्गात कुणी शिंकलं की उंटवाले सर शिकवणं थांबवत. फळ्यावर अर्धवट काढलेलं जास्वंदीचं फूल तसंच राहायचं, हातातला खडू खिशात जायचा आणि गच्च भरलेल्या बाकांमधून वाट काढत सर त्या शिंकणाऱ्याजवळ पोचायचे. "कधीपासून?" हा पहिला प्रश्न. मग खोलीत आणखी कुणाला आहे, मेसवाल्या मावशींना आहे का, गावाकडून घेऊन आलास की इथंच मिळालं, अशी बारीक चौकशी. चेहऱ्यावर काळजी असायची, पण काळजीच्या खाली थोडी उत्सुकताही असायची, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोरं हुशार. दुपारच्या बॅचला झोप अनावर झाली की मागच्या बाकावरचा एखादा नाकात कागदाची सुरळी घालून शिंक काढायचा आणि सगळ्यांना जरा सुट्टी मिळायची. सरांना हे ठाऊक होतं. "खोटी असली तरी विचारलेलं बरं," असं ते स्टाफरूममध्ये म्हणायचे आणि खिशातला खडू शोधत परत वर्गावर जायचे.

मी त्याच क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचो, ते बायोलॉजी. मी धर्माबादचा, पोटासाठी लातुरात आलेला. भूकंप होऊन गेला होता आणि त्यानंतर काही वर्षांतच लातूरला दुसरा हादरा बसला तो क्लासेसचा. नांदेड, परभणी, पार खाली देगलूर-निलंग्यापर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन स्टँडवर उतरायची. घरमालकांनी जिन्याखाली, गच्चीवर, न्हाणीघराला लागून खोल्या काढल्या आणि प्रत्येक खोलीत खाटा मांडल्या. सकाळच्या पहिल्या बॅचला सांगितलेलं गुरुत्वाकर्षण संध्याकाळच्या शेवटच्या बॅचला सांगताना माझाच त्याच्यावरचा विश्वास उडालेला असायचा. त्या दमलेल्या घोळक्यात एकच माणूस होता ज्याच्या डोक्यात क्लास सोडून दुसरं काहीतरी होतं, म्हणून मी त्यांच्याजवळ बसू लागलो. ते मला नावानं हाक मारत नसत. "काय फिजिक्स, काय करून राहिले?" म्हणायचे.

"टोपी बदलली, मान तीच," हे त्यांचं पालुपद. फ्लूचा विषाणू ते पोरांना असा समजावून सांगायचे. हा एक चोर आहे. आपल्या रक्तात पोलीस असतात, त्यांना प्रतिपिंडं म्हणायचं. पोलीस चोराला ओळखतात ते त्याच्या टोपीवरून. पुढच्या वर्षी चोर टोपी बदलून येतो आणि पोलीस त्याला खुशाल आत सोडतात, म्हणून दरवर्षी नवी लस करावी लागते. "आता टोपीखाली मान असती का न्हाई? ती त्याला बदलता येत न्हाई. मान धरणारा पोलीस पाहिजे." असा पोलीस एकदा सापडला, तो नेमका कुठं धरतो ते कळलं, की तेवढ्या मानेचीच लस करायची आणि ती सगळ्या टोप्यांना पुरेल, हा त्यांचा ध्यास होता. अभ्यासक्रमात यातलं काहीही नव्हतं. पुढं आमच्या संचालकांनी 'क्लासेस'ची पाटी काढून 'अकॅडमी'ची लावली आणि पगार तोच ठेवला, तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी एकाच वेळी सरांकडं बघितलं. सरांनी चहाचा कप खाली ठेवला आणि आमच्या सगळ्यांच्या वतीनं ते वाक्य म्हणून टाकलं.

सर मूळचे जनावरांचे डॉक्टर. मोठ्या शहरातल्या एका संस्थेत ते घोडे सांभाळत. घोड्याला विष अगदी थोडं थोडं टोचत जायचं, घोड्याच्या रक्तात त्याच्यावरचे पोलीस तयार होतात, ते काढून माणसाला द्यायचे. सर्पदंशावरचं औषध तसंच होतं, धनुर्वातावरचंही. भूकंप झाला तेव्हा सर संस्थेतून धनुर्वाताच्या इंजेक्शनांचा खोका घेऊन निघाले ते थेट औशाच्या खाली आपल्या गावात पोचले. गाव राहिलं नव्हतं. आई दुसऱ्या दिवशी दगडाखालून निघाली, पायाचा चेंदामेंदा, पण जिवंत. सरांनी स्वतःच्या हातानं तिला इंजेक्शन दिलं आणि ती वाचली. मग सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले. थंडी पडली. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये ताप फिरायला लागला आणि संक्रांतीच्या आधी त्या तापात आई गेली.

हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आमच्या क्लासची नांदेडला शाखा निघाली होती आणि आठवड्यातून दोनदा आम्हा दोघांना एस.टी.नं तिकडं जावं लागायचं. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली होती, सगळे उतरून भजी खात होते, आम्ही दोघं दमून आतच बसलो होतो. सर खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "धनुर्वाताचं माझ्याजवळ होतं, फिजिक्स. तापाचं न्हवतं."   त्यांनी संस्थेत परत जाऊन फ्लूचं काम मागितलं होतं, ते आपलं काम नाही असं उत्तर मिळालं होतं आणि ते नोकरी सोडून लातूरला आले होते, एवढं मला नंतर वहिनींकडून, म्हणजे सरांच्या बायकोकडून, कळलं.

घोड्यावरून ते उंटावर कसे आले, याची गोष्ट ते फार रंगून सांगत. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांचा जुना मित्र होता. त्यानं कुठल्याशा परदेशी नियतकालिकातली पानं पाठवली होती. उंटाच्या रक्तात काही पोलीस फार बारके असतात, असं त्यात होतं. "लोणच्याच्या बरणीत तळाची फोड काढायला माझा हात जात न्हाई, लेकराचा जातो," सर सांगायचे. "चोराच्या मानेला अशा खाचा हायेत. आपला पोलीस जाडा. उंटाचा आत शिरंल." आता लातुरात उंट कुठून आणायचा, असं कुणाला वाटेल. पण ज्वारी निघाली की औसा रोडच्या पडीक रानांत गुजरातकडचे काठेवाडी मेंढपाळ उतरायचे, मेंढ्या, गाई आणि ओझ्याला चार-दोन उंट घेऊन. सर त्यांच्या जनावरांची खुरं, जखमा, जंत सगळं बघायचे. त्या बदल्यात राधी नावाच्या उंटिणीला त्या वर्षीची फ्लूची लस टोचायची आणि दोन-तीन आठवड्यांनी तिचं बाटलीभर रक्त घ्यायचं, असा त्यांचा आणि त्या काठेवाडी म्हाताऱ्याचा करार होता. दरवर्षी नवी टोपी, उंटीण तीच. अशा वेगवेगळ्या टोप्या बघून बघून कधीतरी तिचे पोलीस मानेकडं वळतील, असा सरांचा हिशोब.

एका वर्षी दोर धरायला मला नेलं. राधीनं माझ्याकडं जरा वेळ शांतपणे बघितलं आणि तोंडातला सगळा हिरवा चोथा माझ्या शर्टावर टाकला. काठेवाडी म्हाताऱ्यानं आपल्या हिंदीत समजावलं की ती ज्याला ओळखत नाही त्यालाच असं करते. घरी जाऊन शर्ट बदलायला वेळ नव्हता, तसाच चारच्या बॅचला उभा राहिलो. पोरं हसली नाहीत. बहुतेक त्यांना वाटलं असावं की फिजिक्स शिकवून शिकवून माणसाचं असं होतं.

रक्त गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते सीरम. सर ते इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या बाटल्यांत भरत, वर चिकटपट्टी लावून वर्ष आणि 'राधी' असं लिहीत आणि क्लासच्या मागच्या खोलीतल्या जुन्या फ्रिजमध्ये वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवत. त्या काळी वीज आठवड्यातून जितकी असायची तितकीच नसायची. मी काळजीनं विचारलं तर सर म्हणायचे, "उंटाचं हाय. ऊन सोसतं. लोडशेडिंगला काय भ्यायचं?" उंटाचे हे पोलीस उष्णतेत टिकतात, हे त्या पानांत होतंच. संचालकांचा मात्र फ्रिजवर डोळा होता. निकालाच्या दिवशी थंड बाटल्या ठेवायला त्यांना तो हवा असायचा. "सर, सीईटीला उंटावर प्रश्न येत न्हाई," असं ते दरवर्षी न चुकता सांगायचे आणि सर दरवर्षी न चुकता मान डोलवायचे.

आता वहिनींबद्दल सांगितलं पाहिजे. बीदरच्या बाजूच्या, शिवभक्त घरातल्या, बारीक चणीच्या बाई. घरी शिलाई मशीन चालवायच्या आणि कोणत्याही वापरातल्या वस्तूला पाय लागला की हात लावून नमस्कार करायच्या, मग तो कुकर असो नाहीतर सरांची स्कूटर. सर घरात कामाचं बोलत नसत. बोलायला गेलं की आईचा विषय निघायचा आणि त्या शेडमध्ये आईचं शेवटचं सगळं वहिनींनीच केलं होतं. "मला त्यांच्या कामातलं कळत न्हाई भाऊजी," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण ते कशापायी करतेत ते कळतं."

मग अकॅडमीची नवी इमारत झाली. मागची खोली पाडली आणि नवीन जागा तयार होईपर्यंत फ्रिज सरांच्या घरी आला. त्याच सुमारास पुण्याच्या मित्राचा फोन आला. बऱ्याच वर्षांनी त्याला राधीचे पोलीस मान धरतात का ते तपासायची परवानगी मिळाली होती. अशी तपासणी बंदिस्त प्रयोगशाळेतच होते, घरच्या फ्रिजजवळ बसून होत नाही, म्हणून इतकी वर्षं बाटल्या नुसत्या वाट बघत पडल्या होत्या. दसरा झाला की सगळं घेऊन ये, असं मित्र म्हणाला. त्या दिवशी सरांनी पाचही बॅचना सुट्टी दिल्यासारखं शिकवलं. खंडेनवमीला आमचा नांदेडचा वार होता. वर्ग संपल्यावर सरांनी वजिराबादेतून औषधाच्या दुकानातला थर्माकोलचा खोका मिळवला, बर्फासकट सगळ्या बाटल्या मावतील असा. परतीच्या गाडीत तो त्यांच्या मांडीवर होता. एरवी ते लोहा यायच्या आत झोपायचे, त्या दिवशी लातूरपर्यंत जागे होते आणि मलाही झोपू दिलं नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. दाराला झेंडूचं तोरण होतं, आत उदबत्तीचा वास. फ्रिजचं दार सताड उघडं होतं, वायर काढून गुंडाळून वर ठेवली होती आणि दाराला झेंडूची माळ घातली होती. खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं धुतात, पुसतात, पूजतात आणि त्या दिवशी त्यांना विसावा देतात. खाली पाटावर शिवणाची कात्री, विळी, सरांची जुनी सिरिंज मांडली होती. त्यांच्यापुढं ओळीनं राधीच्या सगळ्या बाटल्या. लखलखीत धुतलेल्या, रिकाम्या, प्रत्येकीच्या पोटावर हळदीकुंकवाचं बोट. वहिनींना फार आनंद झाला होता. चिकटपट्ट्या किती मळल्या होत्या, निघता निघत नव्हत्या, शेवटी उकळत्या पाण्यात घालाव्या लागल्या, असं त्या सांगत होत्या. "इतकी वर्षं हत्यारं तिथं बिनपूजेची राहिली तुमची. आता घरी आलीत तर म्हटलं, करू."

सरांनी थर्माकोलचा खोका हळूच दारामागं ठेवला. हातपाय धुतले. पाटापुढं बसून हात जोडले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, "आतलं पाणी कुठं टाकलं गं?"

"शेवग्याच्या बुडाला. मोरीत कामून टाकायचं, तुमच्या कामाचं पाणी."

"बरं केलं," सर म्हणाले, आणि मला खोबरं-साखर द्यायला सांगितली. ती मी खाल्ली. कशी खाल्ली ते विचारू नका.

मला पोचवायला ते खाली आले. खोका माझ्या हातात दिला. हा घरात दिसला तर ती कशाला आणला म्हणून विचारेल, असं म्हणाले. मी म्हटलं, सर, वहिनींना सांगायला नको का? त्यांनी मान हलवली. "आईचं डोकं हिच्या मांडीवर होतं, फिजिक्स. हिला हे कळता कामा नये." दुसऱ्या दिवशी एस.टी.डी. बूथमधून त्यांनी पुण्याला फोन लावला आणि नमुने चांगले निघाले नाहीत, थोडा वेळ लागेल, एवढंच सांगितलं. मित्र चिडला असावा. सर नुसतं "हाव, हाव" म्हणत होते.

मला वाटलं होतं आता हा माणूस थांबेल. मी थांबलो असतो. पण ज्वारी निघाल्यावर ते पुन्हा औसा रोडला उभे राहिले. राधी थकली होती, म्हणून तिच्या मुलीपासून सुरुवात केली, पहिल्या टोपीपासून. बाटल्या या वेळी माझ्या घरी. माझी बायको शोभा आधी बिथरली. वांग्याच्या भाजीच्या डोक्यावर उंटाचं रक्त ठेवायचं, हे तिला पटेना. शेवटी बर्फाचा कप्पा तिनं सोडून दिला, अट एवढीच की त्यात काय आहे हे जेवताना कुणी बोलायचं नाही. दर रविवारी सर यायचे, कप्पा उघडायचे, बाटल्यांकडं बघायचे, बंद करायचे आणि चहा घेऊन जायचे. अकॅडमीचा फ्रिज सरांच्या घरीच राहून गेला होता, त्यातही त्यांनी बाटल्या ठेवल्या होत्या, त्याच धुतलेल्या, नव्या चिकटपट्ट्या लावून, आत पाण्यात चिमूटभर हळद कालवून. वहिनींना शंका यायला नको म्हणून. दर खंडेनवमीला वहिनी त्या धुवायच्या, शेवग्याला पाणी घालायच्या, आणि सर पाटापुढं हात जोडून बसायचे. शेंगा आल्या की माझ्याकडं जुडी यायची. "खा," सर म्हणायचे. "ह्या झाडाला सर्दी होणार न्हाई."

पुढं स्वाइन फ्लू आला. गावात जो तो तोंडाला रुमाल बांधून फिरू लागला, क्लासेसना सुट्टी पडली. मला वाटलं सर आता जोरात बोलतील. ते स्टाफरूममध्ये पेपर घेऊन बसले होते. "टोपी बदलली," एवढंच म्हणाले, उरलेलं अर्धं वाक्य म्हटलंच नाही. त्यांचा आवाज इतका थकलेला मी कधी ऐकला नव्हता. पुण्याचा मित्र तोवर निवृत्त झाला होता. त्याच्या जागेवरच्या माणसाला उंटीण कोणाची, परवानगी कोणाची, असे कागद हवे होते आणि काठेवाड्याकडून सही कशावर आणायची हे सरांना कळेना. औसा रोडच्या रानांत प्लॉट पडले, त्यांवर पोरांची होस्टेलं उठली. एका वर्षी काठेवाडी आलेच नाहीत. सर आठवडाभर संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभे राहत होते. मग बाहेरच्या मोठ्या कंपन्यांचे क्लासेस आले, त्यांना आमच्यासारखी जुनी माणसं नको होती, आणि आम्ही दोघं एकाच दिवशी घरी बसलो. त्यानंतरही रविवार चुकला नाही. कप्पा उघडायचा, बघायचं, बंद करायचा. एका दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. ताप नव्हता, हे मी उगाच विचारून घेतलं.

बाटल्यांचं काय करायचं हे मला कळेना. त्यांच्यात मान धरणारा एखादा पोलीस आहे की नाही, हे मला ठाऊक नाही आणि आता कुणी बघेल असंही वाटत नाही. पण कप्पा रिकामा करायला हात धजेना. शोभाही कधी म्हणाली नाही.

वर्ष सरल्यावर दसऱ्याला वहिनी सोनं द्यायला आमच्याकडं आल्या. उकाडा होता. शोभाचे हात पुरणात होते, तिनं सवयीनं वहिनींना सरबतासाठी बर्फ काढायला सांगितलं, आणि सांगितल्यावर तिच्या लक्षात आलं. मी उठेपर्यंत वहिनींनी कप्पा उघडला होता. आत सरांच्या अक्षरातल्या चिकटपट्ट्या होत्या, वर्षं आणि नाव. वहिनींनी एक बाटली उचलली, पदरानं तिच्यावरचं दव पुसलं, नाकाजवळ नेली आणि जिथली तिथं ठेवली.

"घरच्या बाटल्यांना हळदीचा वास यायचा," त्या म्हणाल्या. "पहिल्याच वर्षी आला. म्हटलं, हे असं करून राहिलेत म्हणजे आपल्या हातून कायतरी मोठं झालं. आन् खरं कुठंतरी दुसरीकडं ठेवलं असंल."

"मग वहिनी, इतकी वर्षं ते पाणी..."

"धूत होते की. त्यांना बरं वाटायचं."

कप्प्याचं दार त्यांनी हळू लावून घेतलं. देवघरातली कुंकवाची कोयरी आणून शोभाच्या हातात दिली आणि दाराला बाहेरूनच बोट लावायला सांगितलं. "आतल्या धुऊ नकोस, बाई." शोभानं हात धुतले आणि कुंकू लावलं. वहिनी खाली वाकल्या आणि फ्रिजची पिन बोर्डात नीट बसली आहे का, ते दाबून बघितलं.